शरीर साथ देईनासं झालं की आयुष्यातले चढउतार कसे स्वीकारायचे?

मला तरी हे एका दिवसात जमलं नाही, आधी दोन वर्षं नुसती चिडचिड केली. मी बेळगावच्या वडगावचा, उभी हयात मागावर कापड विणण्यात गेली. आता वय 68, डावा गुडघा झिजलाय. येळ्ळूरचा राजहंसगड पूर्वी सहज चढायचो, आता लांबूनच बघतो.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलं : जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. मी वर्षभर उलटीच धरत होतो की! वजन एक किलो उतरलं तर चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण 4 किलोंनी कमी होतो म्हणे, म्हणून आमच्या बेळगावची मिठाई, कुंदा, आता फक्त सणाला. (हे सगळ्यात जड गेलं.)

आमच्याकडचा पाऊस लागला की पाय धरतात. त्या दिवशी नातू बाजाराला जातो, मी घरी शेंगा सोलत बसतो. उघडीप मिळाली की पिशवी घेऊन मीच निघतो, अन् भाजीवालीशी कन्नडात हुज्जत घालून कोथिंबिरीची जुडी फुकट आणतो.