दरवाजाची टाइल बसत का नाही?

प्रश्न: मी संगणकावर स्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाड्याचं मॉडेल करतेय, लेगोच्या तुकड्यांचं. दरवाजाच्या फळ्या म्हणून भिंतीवर उभी टाइल (वर गुंड्या नसलेला चपटा तुकडा) लावायचीय, म्हणून बाजूला गुंडी (तुकडे जोडायचा गोल उंचवटा) असलेल्या दोन ब्रिक, म्हणजे ठोकळे, एकावर एक ठेवल्या. टाइल एका गुंडीत बसते, दुसरीत बसतच नाही. शेवटी वैतागून कोलिजन (तुकडे एकमेकांत घुसू न देणारी सोय) बंद केलं आणि घुसवली. दिसतंय तर छान! पण खरे तुकडे मागवायचेत, काही घोळ होईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: होणार ताई, नक्की होणार. कोलिजन बंद केलं की सॉफ्टवेअर एक प्लास्टिक दुसऱ्यातून आरपार जाऊ देतं, आपलं घरचं प्लास्टिक काही तेवढं सोशिक नाही. तेव्हा आधी ते परत चालू करा.

आता भानगड काय आहे बघा. या सॉफ्टवेअरच्या मागे एलड्रॉचं माप आहे; एलड्रॉ म्हणजे लेगोची मॉडेल संगणकावर मांडायची पद्धत, जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये आणलेलं. एक एकक म्हणजे ०.४ मिमी. शेजारच्या दोन गुंड्यांमधलं अंतर २० एकक (८ मिमी), प्लेटची, म्हणजे गुंड्या असलेल्या चपट्या तुकड्याची, उंची ८, आणि ब्रिकची उंची २४. म्हणजे ब्रिक उभी आणि आडवी सारखी नाहीच! तुम्ही दोन ब्रिक थेट एकावर एक ठेवल्या, तर बाजूच्या गुंड्यांमध्ये २४ पडले, आणि टाइलला हवेत २० किंवा ४०. कशी बसेल बिचारी?

उपाय सोपा आहे, त्या दोन ब्रिकच्या मध्ये दोन प्लेट घाला. २४ अधिक १६, झाले ४०. मग १×२ची नाही, १×३ची टाइल घ्यायची, ती वरच्या आणि खालच्या दोन्ही गुंड्या पकडते, मधलं घर रिकामं राहिलं तरी चालतं. हेच जुने खेळाडू 'पाच प्लेट म्हणजे दोन गुंड्या' असं पाठ करून ठेवतात (५ × ८ = ४०), आणि आडवं बांधकाम करणाऱ्याने हे एवढं डोक्यात ठेवलं की निम्मं काम झालं.

एक बारीक गोष्ट मात्र राहते. बाजूची गुंडी ब्रिकच्या बरोब्बर मध्यावर नसते, वरून १० आणि खालून १४ वर असते. त्यामुळे टाइल वरच्या कडेला अगदी समपातळीत येते, पण खाली ४ एककांची म्हणजे १.६ मिमीची फट उरते. हिशोब करून बघा: रचलेली उंची ६४, टाइल ६०. आता ही फट बुजवायला अर्धी प्लेट शोधत बसू नका, दरवाजा आहे ना, मग खाली उंबरठ्यापाशी फट असणारच की! मी तर ती तशीच ठेवतो.

प्रश्न: तुकडा समोरून बरोबर जागेवर दिसतो, कॅमेरा फिरवला की भलतीकडे हवेत लटकतोय. असं का? — दुसरे एक वाचक

उत्तर: कारण स्क्रीन सपाट आहे आणि माउस दोनच दिशांना हलतो, तिसरी दिशा सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं, कर्सरखाली जी पृष्ठभागाची जागा सापडेल तिच्यावरून. म्हणून तुकडा हवेतून ओढत आणू नका, आधी जवळच्या कुठल्याही गुंडीवर टेकवा आणि मग तिथून बाण धरून एकेका दिशेला सरकवा. प्रत्येक वेळी वरून एकदा बघायची सवय लावा, मला ती लागायच्या आधी एक अख्खं छप्पर भिंतीच्या मागे तरंगत होतं आणि मी तीन दिवस खूश होतो.

आकड्यांनी सरकवायची हौस असेल तर एलड्रॉची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. १ ने सुरू होणारी ओळ म्हणजे एक तुकडा: पुढे रंगाचा नंबर, मग जागा सांगणारे एक्स, वाय, झेड, मग फिरवण्याचे नऊ आकडे आणि शेवटी तुकड्याचं नाव, उदाहरणार्थ ३००१ म्हणजे आपली २×४ची ब्रिक. यात गंमत अशी की वर जायचं तर वाय कमी करायचा, वाढवायचा नाही. ब्रिकवर ब्रिक ठेवायची तर वाय मधून २४ वजा. पहिल्यांदा मी अधिक केलं होतं, वरचा मजला तळघरात गेला.