पेत्राचा प्रश्न आणि प्रभूचा प्रश्न

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मुख्य परीक्षेत चार मार्कांनी गेलीस, याचं मला फार वाईट वाटलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते हरवायला नको. तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत राहायचं, पहाटे अभ्यासिकेत जागा धरायची, मेसची तीच ती भाजी खायची आणि निकालाच्या दिवशी यादी खालून वर वाचत जायची, हे सोपं नाही. रड. मी तुला रडू नकोस म्हणणार नाही.

पण पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "दर शुक्रवारी उपास-प्रार्थना केली, घरून येणाऱ्या पैशांतूनही देवाच्या वाट्याचा दशांश काढला, पहिला पगार देवाला द्यायचं कबूल केलं. बाई, मी देवाला कुठे कमी पडले?" हा प्रश्न वाचून मला वाटलं, आता या पोरीला खरं पत्र लिहायला हवं. संडे स्कूलमध्ये तुला वचनं पाठ करून घेतली, गाणी शिकवली, पण हे शिकवायचं राहून गेलं. तो दोष माझा.

तुझा प्रश्न प्रभू येशूच्या शिष्याने, पेत्राने, तुझ्या आधी विचारला आहे. सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असं प्रभूने सांगितल्यावर तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला आणि पेत्र लगेच पुढे झाला. म्हणाला, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हांला काय मिळणार? प्रभू त्याच्यावर रागावला नाही, हे लक्षात ठेव. जाळी, होडी, घरदार सोडून आलेला माणूस आहे, विचारणारच. प्रभूने शंभरपटीचं अभिवचनही दिलं. तुला दिसणाऱ्या मोठमोठ्या सभांमधून तेवढंच ऐकवतात: इतकं दे, तितकं मिळेल. पण मत्तयाचं शुभवर्तमान तिथे मिटू नकोस. पुढचा अध्याय उघडला की द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट येते. पहाटेपासून उन्हात राबलेल्याला एक रुपया आणि संध्याकाळी तासभर आलेल्यालाही एक रुपया. पेत्राला दिलेल्या उत्तराचाच तो दुसरा भाग आहे. शंभरपट खरं, पण ती मजुरी नाही. मजुरी समजून हिशोब लावायला बसशील, तर शेजारच्याच्या हातातला रुपया आधी खुपेल.

तो रुपया तुलाही खुपला आहे. त्याकडे शेवटी येते.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाला एकच प्रश्न विचारतो. ईयोब काय फुकट तुझं भय बाळगतो? त्याच्याभोवती कुंपण घातलंस, गुरंढोरं वाढवलीस, म्हणून तो भक्ती करतो, ते काढून घे आणि मग बघ. ते अख्खं पुस्तक या एका प्रश्नावर उभं आहे. देवावर फुकट प्रेम करणारं कुणी असतं का? चार मार्कांनी आज तोच प्रश्न तुझ्या खोलीत येऊन बसला आहे. माझ्याकडे तो वॉर्डात आला होता.

1979 साल. मी कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात कामाला होते, वय चोवीस. तेव्हा सगळं डॅप्सोनच्या गोळ्यांवर चालायचं, अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत ऐंशीच्या दशकात आली. रोज सकाळी पायांच्या ड्रेसिंगची रांग लागायची. पाणी साधंच घ्यायचं, गरम नाही, कारण चटका बसला तरी त्यांना कळत नाही. पाय अर्धा तास बुडवायचे, जखमेच्या कडेची घट्ट झालेली कातडी खरवडायची, जखम साफ करायची, उरलेल्या ओल्या पावलाला लगेच तेल चोळायचं म्हणजे नवी भेग पडत नाही. वासाची सवय व्हायला मला दोन महिने लागले. नंतर होते सवय. बाकीच्या मुली ती ड्यूटी टाळायच्या, मी मागून घ्यायचे. चर्चच्या मंडळीत लोक कौतुक करायचे. 'या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला केलं ते मला केलं' हे वचन मी मनाशी म्हणत राहायचे, आणि त्या पायांच्या जागी प्रभूचे पाय आहेत असं समजून काम उरकायचे.

आठ नंबर कॉटवर एक म्हातारे गृहस्थ होते. शेळ्या राखायचे. पायाला काटा गेला, कळला नाही, जखम हाडापर्यंत गेली. पाच महिने मी त्यांचं ड्रेसिंग केलं. एके दिवशी पट्टी गुंडाळताना ते शांतपणे म्हणाले, "बाई, माझं नाव काय?"

मला येईना. पाच महिने. केसपेपर पलीकडच्या टेबलावर होता, मी तिकडे वळून बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. ते रागाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही पाय धुता, पण नजर दुसरीकडं असती. वर कुठंतरी."

वॉर्डात एक आया होती, शिकलेली नव्हती. ती त्यांच्याशी शेळ्यांवर तासभर बोलायची, कुठली व्यायली, कुठली उंडगी, सगळं तिला ठाऊक. आणि मी, वचन पाठ असलेली, त्या माणसाच्या पायावर पाय देऊन स्वर्गात चढायला निघाले होते.

त्या रात्री तेच वचन पुन्हा काढून वाचलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. त्या दृष्टांतातले नीतिमान चक्रावून विचारतात, प्रभो, आम्ही आपणाला केव्हा भुकेलेलं पाहिलं आणि जेवू घातलं? त्यांना पत्ताच नव्हता! त्यांनी भाकरी दिली ती भुकेल्या माणसाला, त्याच्याकडे बघून, तो भुकेला होता म्हणून. माझं नेमकं उलटं चाललं होतं. मला प्रभू दिसत होता म्हणे, आणि माणूस दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापाशी जाऊन माफी मागितली. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मग आखडलेल्या बोटांचा तो हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी. दमत असशील." पाच महिने ज्याला मी नुसता आठ नंबर केलं होतं, तो माझी कीव करत होता. 'पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो' हे योहानाचं वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं. त्या हाताखाली ते कळलं. निःस्वार्थ प्रीती दात-ओठ खाऊन आणता येत नाही. ती आधी फुकट मिळावी लागते. मिळाली हे एकदा कळलं की मोजायचा छंद आपोआप सुटतो. एका दिवसात नाही सुटत. माझा अजून पुरता सुटलेला नाही.

पंडिता रमाबाईंचं तुला मी फार वरवर शिकवलं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे तुला ठाऊक आहे. पण त्यांचं मन कशाने हललं? शास्त्रं त्यांना मुखोद्गत होती, वादात हरणाऱ्या त्या नव्हत्या. तिथल्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेऊन आपलं काम दाखवलं. समाजाने टाकलेल्या, 'वाया गेलेल्या' म्हटलेल्या बायकांना त्या मायेने सांभाळत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्हांला यांची एवढी माया कशी? तेव्हा त्यांना शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची, यहूदी ज्यांना दूर ठेवत अशा लोकांतल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली गेली. प्रभू कसा तिच्याशी बोलत बसला, ती. रमाबाईंना त्या मायेचा उगम सापडला.

आणि पुढचं मला याहून मोलाचं वाटतं. त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडला नाही. एवढी विदुषी असं लिहिते! मग तुझं-माझं काय? तुझी तर तिशीही आलेली नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील 1874 च्या सुमारास दुष्काळात, उपासमारीने खंगून गेले होते. भुकेल्या पोरीच्या डोळ्यांत बघताना त्यांना दुसरीकडे बघावं लागलं नसेल. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन झालं, म्हाताऱ्यांसाठी सोय झाली, आंधळ्यांसाठी झाली. ज्यांच्याकडून परत काही यायची शक्यताच नाही, अशी माणसं त्यांनी शोधून शोधून जवळ केली. पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव स्टेशन लांब नाही. एखाद्या रविवारी जाऊन ये.

आपल्या मातीत हे नवं नाहीच. तुकोबांनी विठ्ठलाजवळ मुक्तीही नको, संपदाही नको, तुझा विसर तेवढा पडू देऊ नकोस, असं मागितलं. ख्रिस्ती झालेले आपले कवी नारायण वामन टिळक म्हणत की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. तो पूल कशाचा बनलेला असेल, यावर विचार कर.

मागणं वाईट असं मात्र मी म्हणत नाही. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, असं प्रभूनेच शिकवलं. पुढच्या परीक्षेसाठीही माग, मीही मागते. आईपाशी मूल मागतंच. फक्त मागितलेलं मिळालं नाही म्हणून ते आईला विचारत नाही की, मी तुझं एवढं ऐकलं, त्याचं काय झालं? ज्या दिवशी विचारेल त्या दिवशी घरात मूल राहिलं नाही, नोकर राहिला.

आता पुन्हा पेत्र. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून तीनदा नाकारलं. ते सगळं झाल्यावर, वधस्तंभ आणि पुनरुत्थानानंतर, समुद्रकाठी प्रभू भल्या सकाळी कोळशांचा विस्तव करून त्यावर मासळी ठेवून बसला आहे. पेत्राने नाकारलं तेही कोळशांच्या विस्तवापाशीच उभं राहून. न्याहारी झाल्यावर प्रभू त्याला नावाने हाक मारतो, बापाचं नाव घेऊन हाक मारतो. का नाकारलंस, असं विचारत नाही. माझ्यासाठी काय केलंस, असंही नाही. विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा तेच. आणि पेत्राच्या प्रत्येक उत्तरावर एकच सांगणं, माझी कोकरं, माझी मेंढरं सांभाळ. पेत्र या वेळी विचारत नाही, मला काय मिळणार. प्रभू तर पुढे त्याला स्पष्ट सांगतो की म्हातारपणी तुला नको तिथे नेतील. तरी तो मागे येतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तू कुठे कमी पडलीस, हे प्रभू विचारतच नाही. त्याचा प्रश्न दुसरा आहे आणि त्याचं उत्तर त्याला उपासांच्या आकड्यात नको आहे. तुझ्या खोलीत एक कोकरू आहे, तिथून सुरुवात कर.

तू लिहिलंस, "रूममेट पास झाली. तिला तर प्रार्थना म्हणजे काय तेही माहीत नाही." एवढी एकच ओळ. ती पास झाल्याला आठवडा झाला, तू तिचं अभिनंदन केलंस का, ते लिहिलं नाहीस. प्रभूच्या दृष्टांतात, सगळं उडवून परत आलेल्या उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ अंगणात उभा राहून बापाला म्हणतो, 'हा तुमचा मुलगा.' भाऊ हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. ती पोरही तीन वर्षं तीच भाजी खात होती ना? तीच अभ्यासिका, तीच यादी. तिच्या बापाला फोन लावताना तिचा आवाज कसा झाला होता? तू खोलीत होतीस की बाहेर निघून गेलीस?

लगेच जमणार नाही, ठाऊक आहे. आधी तिने आणलेला पेढा खा. घशात अडकेल, तरी खा.

गावातला मुलगा शनिवारी पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या देते आहे. एकीवर तुझं नाव लिहून झालं आहे. दुसरी तिची. सगळ्या पत्रात तू तिचं नाव कुठेच लिहिलं नाहीस, म्हणून तिची चिठ्ठी कोरी राहिली आहे. शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
बाई