मंदीच्या काळात राजकीय पक्षांनी निधी गोळा केला की लोक इतके का चिडतात?

आपला प्रश्न असा आहे की, निवडणुका मंदीतही होतात आणि पक्षांना पैसा लागतोच, तर कठीण काळात पक्षनिधी गोळा झाला म्हणून लोकांनी एवढा संताप करण्याचे कारण काय. मी कोल्हापूर परिसरातील लहान कारखान्यांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे पाहतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की हा राग पैसे मागण्याबद्दल नसून, ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही अशा माणसाकडून ते घेतले जातात, आणि तेही गुपचूप, याबद्दल आहे. तेजीत ही गोष्ट खपून जाते, मंदीत ती डोळ्यांवर येते.

करोनाचा काळ आठवून पाहा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले. केंद्रीय कर्मचाऱ्यांची महागाई भत्त्याची वाढ गोठवली गेली, खासदार निधी स्थगित झाला आणि महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांना मार्चचा पगार दोन टप्प्यांत देण्याचे ठरले. लोकांनी हे सगळे सोसले, कारण ओढाताण सर्वांचीच होती. मात्र १ ते १० एप्रिल २०२१ या दहा दिवसांत, म्हणजे दुसरी लाट चढत असताना आणि आपल्याकडे पुन्हा निर्बंध लागू होत असताना, स्टेट बँकेच्या शाखांतून सुमारे ६९५ कोटी रुपयांचे निवडणूक रोखे (देणगीदाराने बँकेतून विकत घेऊन, नाव जाहीर न होता पक्षाला द्यायची पत्रे) विकले गेले. पश्चिम बंगाल, तमिळनाडू, केरळ, आसाम आणि पुदुच्चेरी येथे तेव्हा निवडणुका चालू होत्या. रुग्णालयातील खाटेसाठी वणवण करणाऱ्या कुटुंबाने हा आकडा वाचला, तर त्याला राग येऊ नये अशी अपेक्षा कोणी कशी करावी?

त्यात ही रक्कम कोणी कोणाला दिली, हे त्या वेळी मतदाराला कळण्याचा मार्गच नव्हता. २०१७ च्या वित्त कायद्याने रोख्यांची वाट मोकळी केली आणि त्याच वेळी, कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही मर्यादाही काढून टाकली. माझ्या दृष्टीने हा दुसरा बदल अधिक गंभीर होता, कारण त्यामुळे तोट्यातील कंपनीलाही देणगी देता येऊ लागली. नफा नसलेली कंपनी पक्षाला पैसे देते तेव्हा ते कोठून येतात आणि कशाच्या मोबदल्यात दिले जातात, हे प्रश्न विचारायला हिशेबनीस असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना आणि हा बदल दोन्ही घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या याद्यांत एप्रिल २०१९ पासूनची खरेदी बारा हजार कोटींहून अधिक निघाली. त्यातील सुमारे निम्मी रक्कम एकट्या भारतीय जनता पक्षाकडे गेली असली, तरी तृणमूल काँग्रेस, काँग्रेस आणि अनेक प्रादेशिक पक्षांनीही रोखे वटवले होते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने ते घेतले नाहीत आणि न्यायालयातही दाद मागितली.

हे झाले मोठ्यांचे. खाली काय चालते, तेही सांगतो. एका लहान फाउंड्रीच्या मालकांनी त्या काळात माझ्यापुढे बिलांची फाईल ठेवली. भट्टी आठवड्यातून जेमतेम दोन दिवस पेटत होती, मोठ्या कारखान्यांकडील येणी अडकली होती आणि दिवाळीचा बोनस कसा द्यायचा याची चिंता होती. फाईलमध्ये एका पुढाऱ्याच्या कार्यक्रमाची पावती होती. नाव आणि रक्कम शाईच्या पेनाने लिहिलेली, पावतीवर ना पक्षाचा पॅन क्रमांक ना सही ओळखू येण्यासारखी. ‘साहेब, हे कोणत्या खात्यावर टाकायचे?’ असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘दिलेत कशाला?’ त्यावर ते म्हणाले, ‘उद्या लाइटचं, पाण्याचं काही अडलं तर जायचं कुणाकडं?’ ही रक्कम मोठी नव्हती, परंतु बोनस अर्धाच मिळालेल्या कामगारांच्या कानावर ती गेलीच, आणि त्यांना आलेला राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

पक्ष चालवायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन शंभर रुपये मागितले आणि समोरच्याने आनंदाने दिले, तर मंदीतही कोणी नाक मुरडत नाही. शिवाय हेही ध्यानात घ्यावे की धनादेशाने किंवा बँकेमार्फत दिलेल्या राजकीय देणगीवर आयकरात पूर्ण वजावट मिळते (जुन्या करप्रणालीत), म्हणजे अशी वजावट घेतलेल्या देणगीचा काही भाग सरकारी तिजोरीच सोसते. पगारकपात सोसणारा करदाताही अप्रत्यक्षपणे त्यात वाटेकरी असतो, त्यामुळे त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

रोखे गेले, तरी २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे पक्षांना आजही जाहीर करावी लागत नाहीत, आणि त्यावरील देणग्यांचा तपशील निवडणूक आयोगाकडे वर्षातून एकदा जातो. तो प्रसिद्ध होईपर्यंत अनेकदा मतदान होऊन गेलेले असते. हा तपशील दर महिन्याला, देणगीच्या तारखेसह प्रसिद्ध झाला पाहिजे, म्हणजे कारखाने बंद असलेल्या महिन्यात कोणी किती दिले हे मतदानाला जाण्यापूर्वीच लोकांना पाहता येईल.