पाणलोटाची मोजणी कोणाच्या पैशाने?

प्रश्न : पाणलोटात, म्हणजे ज्या क्षेत्राचे पावसाचे पाणी एकाच ओढ्याला मिळते तिथे, रोजगार हमी योजनेतून (रोहयो) चरखोदाईची मजुरी निघते, पण मोजणी आणि आराखड्यासाठी तज्ज्ञ आणायचा तर अनुदान कुठून?

उत्तर : नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेच्या पाणलोट विकास निधीतून. अनुदान अनुभवी संस्थेमार्फत, ग्राम पाणलोट समितीला सोबत घेऊन मिळते. आधी साधारण १०० हेक्टरवर क्षमताबांधणी, म्हणजे गावाने काम करत शिकण्याचा टप्पा, मग उरलेले शिवार. त्यामुळे सुरुवातीलाच मोठा आकडा घेऊन धावू नका. श्रमदान काही चुकत नाही. आराखडा गटनंबरनिहाय करून प्रत्येक मालकाची सही घ्या, नाहीतर ऐन कामात बांधावरून भांडणे होतात. समतल रेषा आखताना हायड्रोमार्करच्या (पाणी भरलेल्या नळीने समान पातळी शोधण्याच्या साधनाच्या) नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पातळी चुकते, चर तिरपा जातो, पाणी एका टोकाला साचून भराव फुटतो. आणि कामे माथ्याकडून पायथ्याकडेच. नाला बंधारा आधी बांधलात तर तो गाळाने भरायला वेळ लागत नाही.