पैसे नेले कुणी?

प्रश्न : मावशी, प्रभूच्या नावात सलाम. माझे यजमान उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून निवृत्त झाले. फंडाचे बरेचसे पैसे आम्ही मंडळीतल्याच (चर्चमधल्याच) एका सहविश्वासू भावाच्या सांगण्यावरून, महिन्याला भरमसाट परतावा देणाऱ्या योजनेत टाकले. सुरुवातीला परतावा आला. मग एक दिवस ऑफिसलाच कुलूप दिसलं. विचारायला गेलो तर तो भाऊ रडत म्हणाला, "सैतानाने माझ्याकडून करवून घेतलं." पाळकसाहेब म्हणतात, देवाच्या परवानगीवाचून झाडाचं पानही हलत नाही. स्तोत्र १०३ म्हणतं, परमेश्वराचं राज्य सर्वांवर आहे. योहानाचं पहिलं पत्र म्हणतं, सगळं जग त्या दुष्टाला वश झालं आहे. मग राज्य नक्की कुणाचं? आणि आमचे पैसे नेले कुणी? पोलिसात जाऊ नका, मंडळीची बदनामी होईल, असंही काहीजण सांगतात.
– एक भगिनी, शाहूपुरी

उत्तर : सलाम, ताई. तुमचे पैसे त्या भावाने नेले. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे देव आणि सैतान यांच्याविषयी बरंच बोलायचं आहे. त्या गर्दीत हा गृहस्थ मागच्या दाराने निसटायला नको.

सैतानाने करवून घेतलं असेल का? असेलही. पवित्र शास्त्र ते नाकारत नाही. पण लूकचा बाविसावा अध्याय काढा. तिसऱ्या वचनात सैतान येशूचा शिष्य यहूदा याच्यात शिरतो. बाविसाव्या वचनात येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) ठरल्याप्रमाणे जातो आहे, म्हणजे देवाची योजनाही तिथे आहेच. आणि त्याच वाक्यात पुढे, ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्या माणसाची केवढी दुर्दशा! देव, सैतान आणि माणूस तिघेही एकाच पानावर आहेत, आणि जबाब द्यायला उभा केलाय तो माणूस. "आत सैतान शिरला होता" म्हणून यहूदाची शिक्षा कमी झाल्याचं कुठे वाचलंय तुम्ही?

तुमच्या प्रसंगाला तर प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय अगदी फिट्ट बसतो. तिथेही मंडळी आणि पैसा. हनन्या जमीन विकतो, थोडी रक्कम मागे ठेवतो आणि सगळी आणली असा आव आणतो. प्रेषित पेत्र त्याला विचारतो, सैतानाने तुझं मन का भरवलं? पण तेवढ्यावर थांबत नाही. पैसे तुझ्याच ताब्यात नव्हते का, हे तू आपल्या मनात का आणलंस, असं पुढच्याच वचनात विचारतो. करता आला असता की पेत्राला दुष्टात्मा घालवण्याचा कार्यक्रम! त्याने सरळ हिशोब विचारला.

असल्या सबबीची गोडी ऑगस्टीनने स्वतः चाखली होती. हा उत्तर आफ्रिकेतला, इ. स. ३५४ चा जन्म, पुढे बिशप झाला. तरुणपणी नऊ-एक वर्षं तो मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात होता. त्या पंथाचं म्हणणं असं की प्रकाश आणि अंधार ही अनादि काळापासूनची दोन वेगळी राज्यं, आणि माणूस म्हणजे त्यांच्या लढाईचं मैदान. आत्मकथनात ऑगस्टीन लिहितो की पाप मी करत नाही, माझ्यातलं दुसरंच काहीतरी करतं, हे त्याच्या गर्वाला फार सुखावत होतं. पुढे तो म्हणू लागला की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. देवाने केलेलं सगळं चांगलं, आणि त्या चांगल्याची झीज, त्यातली उणीव म्हणजे वाईट. तुमच्या त्या भावाला मानी कोण हे ठाऊक असायचं कारण नाही, पण भाषा तीच आहे.

आता राज्य कुणाचं ते बघू. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सैतानाला तीनदा 'या जगाचा अधिपती' म्हणतो, म्हणजे त्याची सत्ता खरी आहे. पण पहिल्यांदा म्हणतो तेव्हाच, १२:३१ मध्ये, तो बाहेर टाकला जाणार हेही सांगून टाकतो. लूकच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि म्हणतो, हा अधिकार मला दिलेला आहे. दिलेला! बढाई मारतानाही त्याला हे कबूल करावं लागतं. (एरवी तो लबाडच, तेव्हा त्याच्या सातबाऱ्यावर फार विसंबू नये.) नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाच्या गोष्टीतही सैतानाला आधी देवाला विचारावं लागतं, आणि प्रत्येक वेळी हद्द आखून मिळते : आधी मालमत्तेपुरती, मग शरीरापुरती, जिवाला हात लावायचा नाही. दाव्याला बांधलेला खोंड दाव्याच्या लांबीपर्यंत मारतोच, आणि त्या टप्प्यात उभ्या असलेल्याला दावं आहे म्हणून कमी लागत नाही. तुम्ही त्या टप्प्यात होतात.

पाळकसाहेबांचं म्हणणं आपल्या परंपरेला धरूनच आहे. (पानाची म्हण आपल्या लोकांची, शास्त्रात चिमणी आहे, मत्तय १०:२९.) १८५२ साली कोल्हापुरात आलेल्या रॉयल वाइल्डर यांचं मिशन पुढे प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्या प्रेस्बिटेरियन लोकांचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर कबुलीनामा, म्हणजे त्यांच्या विश्वासाचं लेखी निवेदन, सांगतो की घडणारं सगळं देवाने ठरवलेलं आहे. पण तेच वाक्य पुढे म्हणतं की म्हणून देव पापाचा कर्ता होत नाही, आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही. उपदेशात बहुधा पहिला अर्धा भागच ऐकू येतो. मेथडिस्ट आणि इतर बऱ्याच मंडळ्यांचा भर वेगळा आहे. देवाने माणसाला खरं स्वातंत्र्य दिलं, वाईट तो ठरवत नाही, घडू देतो, असं ते मानतात. हा वाद शतकानुशतकं चाललाय. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. आमच्या सेशनमधले (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतले) वडीलजन त्यावरून माझ्यावर अधूनमधून नाराज असतात.

मग देवाने त्या माणसाला थांबवलं का नाही? मी मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले, जन्मभर वॉर्डात काढला. रात्रपाळीला व्हरांड्यात बसलेले नातेवाईक हेच विचारायचे, सगळ्या धर्मांचे. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुम्हालाही मला कारण सांगता येणार नाही. ईयोबालाही सांगितलेलं नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय बोलणं झालं ते आपल्याला कळतं, त्याला शेवटपर्यंत नाही. देव वावटळीतून बोलतो तेव्हा सैतानाचं नावही काढत नाही. मात्र कारणं सांगत बसलेल्या तिघा मित्रांवर तो रागावतो, हे लक्षात ठेवा. तुमच्या घरी येऊन "यातही देवाचा काही हेतू असेल" म्हणणाऱ्यांना चहा द्या आणि ईयोबाचा बेचाळिसावा अध्याय वाचायला द्या. गव्हाच्या शेतात निदण (तण) उगवल्याचा येशूचा दाखला आहे, त्यातही 'हे कुणा वैऱ्याने केलं' एवढंच उत्तर आहे. गहू आणि निदण कापणीपर्यंत बरोबर वाढू द्या, असं मालक सांगतो. कापणी मात्र तो रद्द करत नाही.

हा दाखला पुढे करून पोलिसात जाऊ नका म्हणणारे भेटतील. त्यांना रोमकरांस पत्र, अध्याय तेरा दाखवा. वाईट करणाऱ्याला शासन करणारा अधिकारी ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या मते देवाचा सेवक आहे, म्हणजे देवाचं राज्य पोलिस ठाण्याच्या दाराशी संपत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात भावाभावांनी कोर्टात जाऊ नये असं आहे खरं, पण तिथे पौल क्षुल्लक बाबींविषयी बोलतोय. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. त्याखाली अशा योजनावाल्यांची मालमत्ता जप्त करता येते. पावत्या, बँकेचे उतारे, मोबाईलवरचे मेसेज, सगळ्यांच्या प्रती काढा, आणखी कोण कोण अडकलंय ते शोधा आणि मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. लवकर जा. क्षमा करायचीच आहे, पण ती तक्रार नोंदवूनही करता येते. आणि त्या भावाला खरंच पश्चात्ताप झाला असेल तर येशूला भेटून बदललेल्या जकातदार जक्कयाचा हिशोब त्याला माहीत असेलच. जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं. तुमच्या माणसाने मुद्दल दिलं तरी चालेल.

प्रश्न : मी हिंदू आहे, पण हे सदर वाचतो. ख्रिस्ती लोक सैतानाला जवळपास दुसरा देवच मानतात असं वाटतं. बरोबर आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही, दादा. सैतान हा निर्माण केलेला, बिघडलेला जीव आहे. तो सगळीकडे नसतो, सगळं जाणत नाही आणि त्याची मुदत ठरलेली आहे. आमच्या काही सभांमध्ये मात्र त्याचं नाव माईकवरून इतक्या वेळा घेतलं जातं की तुमचा समज झाला यात नवल नाही. कधी रविवारी उपासनेला येऊन बसा. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारा मजकूर, सगळे उभं राहून म्हणतात. सैतानाचं नाव त्यात नाही, पंतय पिलात या रोमी सुभेदाराचं आहे. काही मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा उल्लेख होतो, तोही त्याला सोडलं असं सांगण्यापुरता.