गोष्ट आणि घडी वेगळी काढू नकोस

बालवाडीत गोष्टी सांगायला शिकणाऱ्या तुझ्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कथाकथन-ओरिगामी कोर्सच्या सिलॅबसचा ड्राफ्ट काल रात्री दोनदा वाचला. मेहनत घेतलीयस खूप. पण मला जे खटकलं ते आधी सांगते, तू पहिले 30 तास कथाकथन आणि पुढचे 30 तास ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्या, असं वाटून टाकलंयस, ते नको करू. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे 60 तास, त्यातल्या पहिल्याच तासाला गोष्ट आणि कागद एकत्र येऊ देत.

ती होडीची गोष्ट माहितीये ना? पेपरची आधी टोपी, टोपीची होडी, मग वादळात होडीचं पुढचं टोक तुटतं, मागचं तुटतं, डोलकाठी मोडते, आणि उरलेला कागद उलगडला की नावाड्याचा शर्ट निघतो. पहिल्या दिवशी हीच घे. मग तुझ्या विद्यार्थ्यांना विचार, यातली कुठली घडी गोष्टीला हवीच होती आणि कुठली नुसतीच कृती म्हणून आली. नुसत्या घडीपाशीच बालवाडीतली पोरं चुळबुळ करतात, कारण हात चाललेला असतो आणि गोष्ट थांबलेली असते.

ही थांबायची जागा कशी भरायची ते आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीतच आहे बघ. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते, परत वाजवतो, थांब माझ्या बाळाला तीट लावते. प्रत्येक 'थांब'ला चिऊच्या घराची एक घडी. मागे राहिलेल्या पोराला तेवढा वेळ मिळतो, आणि पुढे गेलेलं पोर तेच वाक्य तुझ्याबरोबर म्हणत बसतं.

चार वर्षांच्या मुलाला कोपऱ्याला कोपरा लावणं हे मोठं काम असतं गं, एका हाताने कागद धरायचा आणि दुसऱ्याने घडी दाबायची, दोन हातांची दोन कामं एकाच वेळी. मी एकदा अंगणवाडीत छोट्या कागदावर बेडूक घेतला होता, चौथ्या घडीलाच निम्म्या पोरांनी कागद माझ्या हातात आणून दिले. तेव्हापासून मोठा कागद आणि पाच-सहाच घड्या. आणि चुकलेल्या घडीसाठी पोराच्या हातातून कागद ओढून घ्यायचा नाही, हे तुझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

इतिहासाला एक लेक्चर पुरे. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या बालशाळेपासून पुढे किंडरगार्टनमध्ये कागदाच्या घड्या आल्या, त्यावरूनच मद्रासच्या सुंदर रावांना सुचलं आणि 1893 मध्ये त्यांनी घड्यांमधून भूमितीचं अख्खं पुस्तक लिहिलं, आणि आपल्याकडे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं असं आसपासचंच सामान वापरून बालवाड्या चालवल्या. कोसबाडला एक ट्रिप मात्र नक्की ठेव.

आणि परीक्षेत घडीच्या टापटिपीला मार्क नकोत. प्रत्येकाने तीनदा खऱ्या मुलांसमोर गोष्ट करायची आणि कोण कुठे अडकलं, कोण काय बोललं ते वहीत लिहायचं, मार्क त्या वहीला.

पहिल्या आठवड्याचा प्लॅन नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव, आणि त्याआधी होडीची गोष्ट शेजारच्या कुठल्यातरी पोरासमोर करून बघ.