स्प्रिंगला टांगलेले वजन आणि ‘हरवलेली’ ऊर्जा: माझ्या जर्नलमधली चूक

तुमचा प्रश्न वाचला आणि बारावीतले माझे स्वतःचे जर्नल, म्हणजे प्रयोगवही, डोळ्यांसमोर उभे राहिले. तुम्ही कराडला शिकता, मी सांगलीत शिकलो. प्रयोग तोच आणि अडचणही तीच. तुम्ही लिहिले आहे की २०० ग्रॅमचे वजन अडकवल्यावर स्प्रिंग ८ सेंटिमीटर ताणली गेली. वजनाची गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली ऊर्जा) ०.१५६८ ज्यूलने घटली, स्प्रिंगमध्ये मात्र ०.०७८४ ज्यूलच साठली, आणि उरलेली निम्मी ‘उष्णतेत गेली असे लिही’ असे तुम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर वजन आणखी ३ सेंटिमीटर ओढून सोडले, तर वरच्या आणि खालच्या टोकांच्या ऊर्जा जुळेनात. शिवाय वीस दोलनांना (खाली-वर अशा वीस पूर्ण फेऱ्यांना) ११.६ सेकंद लागले, जिथे सूत्राने ११.३५ येतात. हूकचा नियम (भार वाढेल त्या प्रमाणात स्प्रिंग ताणते) आणि सूत्रे तुम्हाला येतातच, म्हणून ती येथे पुन्हा लिहीत नाही. मी प्राध्यापक नाही, सांगलीत घरगुती शिकवणी घेतो. तेव्हा परीक्षेत नेमके काय लिहायचे हे तुमच्या सरांना एकदा विचारून घ्यावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या तळहातात आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. वजन हुकाला अडकवताना तुम्ही ते हातावर तोलून सावकाश खाली आणले असणार. सुरुवातीला स्प्रिंग मुळीच ओढत नाही आणि सगळा भार हातावर असतो. जसजसे वजन खाली जाते तसतसा हात हलका होत जातो आणि ८ सेंटिमीटरवर तो पूर्ण मोकळा होतो. म्हणजे हाताने सरासरी निम्मा भार ८ सेंटिमीटरपर्यंत पेलला, आणि ती निम्मी ऊर्जा हातानेच काढून घेतली. हात न लावता वजन एकदम सोडून द्या: ते ८ वर थांबणार नाही, सेकंदाला सुमारे ८८ सेंटिमीटर वेगाने तेथून पुढे जाईल आणि १६ सेंटिमीटरपर्यंत उतरेल. ८ सेंटिमीटरवरची तुमची ‘हरवलेली’ ऊर्जा ती हीच गतिज, म्हणजे वेगाची, ऊर्जा. आता असे सोडलेले वजन डुलत डुलत अखेरीस स्थिर झाले, तर मात्र ती निम्मी ऊर्जा खरोखरच हवेत आणि स्प्रिंगच्या धातूत उष्णता होऊन जाते. त्यामुळे ‘उष्णता’ हे उत्तर सरसकट चूक म्हणता येत नाही. वजन कसे खाली आणले हे न विचारता ते देणे चूक आहे.

दुसऱ्या प्रश्नाने माझे खरे नुकसान केले. माझी स्प्रिंग वेगळी होती, पण चूक स्पष्ट दिसावी म्हणून तुमचेच आकडे घेतो. स्प्रिंग स्थिरांक, म्हणजे स्प्रिंग एक मीटर ताणायला लागेल इतके बल, मीटरला २४.५ न्यूटन. मी अंतर मोजले ते वजन जेथे शांत लटकते त्या समतोल स्थानापासून, म्हणजे वर ३ आणि खाली ३ सेंटिमीटर. त्या अंतराने स्प्रिंगची ऊर्जा दोन्ही टोकांना सारखीच, ०.०११ ज्यूल आली. त्यात मी उंचीची ऊर्जाही मिळवली, वर अधिक ०.०५८८ आणि खाली उणे ०.०५८८. साहजिकच दोन टोकांमध्ये ०.११७६ ज्यूलचा फरक पडला, आणि जर्नलमध्ये मी बिनदिक्कत लिहिले: ‘हवेच्या विरोधामुळे ऊर्जेचा ऱ्हास’. हे लिहीत असताना समोर स्टँडला ते वजन तसेच डुलत होते. एका अर्ध्या दोलनात हवेने इतकी ऊर्जा खाल्ली असती, तर ते दुसऱ्यांदा वर आलेच नसते, कारण त्या दोलनाची सगळी ऊर्जा मिळूनच ०.०११ ज्यूल होती. डोळ्यांना दिसत होते ते मी पाहिले नाही आणि कागदावर आले त्यावर विश्वास ठेवला.

चूक अशी की गुरुत्वाकर्षण मी दोनदा धरले. अंतर समतोल स्थानापासून मोजले की त्या स्थानावरची स्प्रिंगची ओढ आणि वजन एकमेकांना रद्द करतात, आणि जी ऊर्जा उरते तिच्यात गुरुत्वाचा हिशेब आधीच मिसळलेला असतो; वेगळी उंची मिळवायची नसते. उंची स्वतंत्र धरायची असेल तर स्प्रिंगचा ताण तिच्या मूळ लांबीपासून मोजायला हवा. तसे केले तर खालच्या टोकाला ताण ११ सेंटिमीटर आणि ऊर्जा ०.१४८२ ज्यूल, वरच्या टोकाला ताण ५ सेंटिमीटर आणि ऊर्जा ०.०३०६, फरक ०.११७६. वजन ६ सेंटिमीटर वर चढले त्यासाठी लागलेली ऊर्जाही ०.११७६. पै न पै जुळते.

हे मला कोणी वेळेवर सांगितले असते तर प्रश्नच नव्हता. जर्नल सहीसाठी दिले, ते ‘पुन्हा करा’ एवढ्या लाल शेऱ्यासह परत आले. कारण काय, एक अक्षर नाही. विचारायला गेलो तर सर रजेवर, आणि कार्यालयातल्या खिडकीवर आठवडाभर ‘उद्या या’. संस्थेचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. शेवटी मित्राच्या जर्नलमधले दोन आकडे उतरवून काढले, तेव्हा त्याच खिडकीवर दोन मिनिटांत सही मिळाली. हवेचे ते वाक्य मात्र तसेच राहिले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावरच बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, ‘मग हे वजन अजून का हलते आहे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. गुण गेले ते गेलेच. पण आकडे उसने घेतले होते, म्हणून ‘सर, माझे चुकले कुठे’ असे विचारण्याचेही तोंड उरले नव्हते, आणि ती बोच अधिक काळ टिकली.

म्हणून माझे मत थोडे टोकाचे आहे, पटत नसेल तर सोडून द्या. ऊर्जेचे सूत्र लिहिण्याआधी वहीच्या त्याच पानावर स्प्रिंगची आकृती काढावी, शून्य कोठे धरले ते पेनने ठळक करावे, आणि मध्येच ते हलवू नये. काही मार्गदर्शक पुस्तकांत आडव्या स्प्रिंगची आकृती देतात आणि उदाहरण उभ्या स्प्रिंगचे सोडवतात. आडव्या स्प्रिंगमध्ये मूळ लांबी आणि समतोल स्थान एकच असते, त्यामुळे हा घोळ तेथे कधी उघडा पडत नाही.

आता ११.६ सेकंदांविषयी. पुष्कळजण वजन सोडतानाच ‘एक’ म्हणतात आणि एकोणीस दोलनांना वीस समजतात. पण तशाने वेळ कमी, सुमारे १०.८ सेकंद आली असती. तुमची जास्त आली आहे, म्हणून मला संशय स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा येतो. वजन हलते तेव्हा स्प्रिंगही हलते, वरचे वेढे कमी आणि खालचे जास्त, आणि त्या सगळ्याचा परिणाम साधारण तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग खाली अडकवल्यासारखा होतो. स्प्रिंग ३० ग्रॅमची असेल तर २०० च्या जागी २१० ग्रॅम धरा; वीस दोलनांना ११.६३ सेकंद येतील. प्रयोगशाळेत तराजू मिळत नसेल तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर स्प्रिंग तोलून घ्या. मी एकदा गणपती पेठेत तसे केले होते, दुकानदार हसला, पण त्याने तोलून दिली. तुमची स्प्रिंग ३० च्या आसपास भरली नाही, तर तिचे वजन आणि वेढ्यांची संख्या कळवा. मग दुसरे कारण शोधू.